आधी मोजा, मग पैसे मोजा : फाइल सर्व्हर मंदावल्यावर खर्च कुठे करायचा, किती करायचा

ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरचा सामायिक डेटा ज्या मशीनवर असतो, ते मशीन मंदावलं की सगळं ऑफिस मंदावतं. एक्सेलची फाइल उघडायला मिनिटभर, सेव्ह करताना कर्सर गोल फिरत राहतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर मध्येच अडकतं. टेक्निशियन येतो, स्क्रीनवर बोट ठेवतो : "बघा, डिस्क शंभर टक्के. सर्व्हर बदला." कोटेशन सत्तर-ऐंशी हजारांचं.

सही करू नका. शंभर टक्के हा आकडा डिस्क किती वेळ कामात आहे एवढंच सांगतो. तिला कोण राबवतंय, हे त्यात नसतं. ते शोधायला अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य. पाच ते पंचवीस कॉम्प्युटरचं ऑफिस असेल (सीए, आर्किटेक्ट, छापखाना, फोटो स्टुडिओ, दवाखाना), तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. भाव मोठ्या शहरांतले, ठोकळ आहेत. प्रत्यक्ष खरेदीआधी त्या दिवसाचं कोटेशन घ्या.

आधी दोन धोके वगळा

पहिला धोका : रॅन्समवेअर. फाइलींची नावं किंवा शेपटं आपोआप बदलताहेत, फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी दिसतेय आणि डिस्क सतत लिहितेय? सर्व्हरची नेटवर्कची वायर लगेच काढा. बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली असेल तर तीही सोडवा. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करा. पैशांचा घोटाळा झाला असेल तर हेल्पलाइन १९३०. तुमची कंपनी असेल तर 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांच्या आत कळवावं लागतं. एप्रिल २०२२च्या आदेशात तसं बंधन आहे.

दुसरा धोका : मरायला टेकलेली डिस्क. टकटक आवाज, मध्येच गायब होणारा ड्राइव्ह, ठरावीक फाइलीवरच अडकणं, ही तिची लक्षणं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. चार ओळी बघा : ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर), सी६ (दुरुस्त न झालेले सेक्टर) आणि सी७ (वायरीवरच्या चुका). सी५चा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर पुढची कोणतीही चाचणी करू नका. आधी बॅकअप, मग नवी डिस्क. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी शंभर-दोनशे रुपयांची साटा केबल बदलून बघा.

सर्व्हरमध्ये रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवण्याची पद्धत) कंट्रोलरचं कार्ड असेल तर त्याच्या मागच्या डिस्क या सॉफ्टवेअरला बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी कार्डच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. तेही फुकट असतं.

अर्धा तास, शून्य रुपये

एक. वेळ लिहा. दोन दिवस, ज्याला ज्याला मशीन मंद वाटेल त्याने वेळ आणि काम कागदावर लिहावं. सकाळी १० ते १०.३० म्हणजे सगळे एकदम आत येतात. दुपारी १ ते २ म्हणजे अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी असण्याची शक्यता. संध्याकाळी ६ म्हणजे बॅकअप. दिवसभर सारखंच मंद असेल तर शोध वेगळ्या दिशेने. हा कागद टेक्निशियनला दाखवा. अर्धी व्हिजिट वाचते.

दोन. एक मोठी फाइल कॉपी करा. सर्व्हरवरची चार-पाच जीबीची एकच फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर घ्या आणि वेग बघा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला १०० ते ११५ एमबी मिळायला हवा; त्याची तात्त्विक मर्यादाच १२५ आहे. वेग ११-१२ एमबीवर अडकला असेल तर कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे : तुटकी वायर, सैल क्लिप किंवा जुना स्विच. तो डिस्कचा दोष नाही. तीच फाइल दुसऱ्यांदा कॉपी करून खूश होऊ नका. ती मेमरीतून येते. दर वेळी वेगळी फाइल घ्या.

तीन. हीच कॉपी सर्व्हरवर बसून करा, एका फोल्डरमधून दुसऱ्यात. एकाच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं दोन्ही होत असल्याने वेग निम्म्यावर येईल, ते चालेल. पण सर्व्हरवरच ५-१० एमबीने रांगत असेल तर दोष सर्व्हरच्या आत आहे. आत वेगवान आणि बाहेर मंद असेल तर नेटवर्क तपासा.

चार. रिसोर्स मॉनिटर उघडा. विंडोजच्या स्टार्टमध्ये हेच नाव टाइप करा, डिस्कचं पान उघडा. विंडोज सर्व्हरच्या काही आवृत्त्यांत टास्क मॅनेजर डिस्क दाखवतच नाही, म्हणून हा रस्ता. वरच्या यादीत कोणता प्रोग्राम किती वाचतो-लिहितो ते दिसतं. खालच्या यादीत कोणती फाइल आणि तिला लागणारा वेळ मिलिसेकंदांत. १०-२० मिलिसेकंद ठीक. सतत ५० च्या वर म्हणजे डिस्कसमोर रांग लागली आहे. शेकड्यांत गेला तर डिस्क आजारी आहे किंवा तिच्यावर तिच्या कुवतीबाहेरचं काम आहे.

इथे बरेच जण फसतात. सगळ्यात वर 'सिस्टिम' हे नाव दिसतं आणि विंडोजच बिघडलं असं वाटतं. शेअर केलेल्या फोल्डरचं काम विंडोजचा गाभा करतो, म्हणून तुमच्या सगळ्या लोकांचं काम याच नावावर चढतं. नक्की कोण, ते 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', मग 'ओपन फाइल्स' इथे कळतं. माणसाचं नाव आणि फाइल, दोन्ही दिसतात.

पाच. त्याच खिडकीतलं मेमरीचं पान बघा. मोकळी मेमरी जवळपास संपलेली आणि 'हार्ड फॉल्ट्स'चा आकडा सतत चढा असेल, तर मशीन मेमरीची उणीव डिस्कवर भागवतंय. डिस्क बदलून हे सुटणार नाही.

सर्व्हरऐवजी सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा नॅस (नेटवर्कला थेट जोडलेला डिस्कचा डबा) असेल तर त्याच्या पॅनेलमध्येही रिसोर्स मॉनिटर असतो. लिनक्स असेल तर टेक्निशियनला 'आयओस्टॅट' चालवायला सांगा आणि प्रत्येक डिस्कचा प्रतीक्षाकाळ विचारा. चार डिस्कपैकी एकीचाच आकडा इतरांपेक्षा फार मोठा असेल तर तीच सगळ्यांना मागे ओढतेय.

फुकटात सुटणारी कारणं

बॅकअप दुपारी लागलाय. रात्री ९ नंतर लावा. बंद मात्र करू नका. तुमची कंपनी असेल आणि हिशेब कॉम्प्युटरवर असतील, तर २०२२च्या नियमदुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. "बॅकअपच बंद केला, आता बघा कसं पळतंय" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी कामाच्या वेळेत. वेळ बदला. सतत चालणाऱ्या तपासणीतून हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर वगळता येतो. त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने सांगितलेले फोल्डर तेवढेच वगळा. सगळा ड्राइव्ह वगळणं किंवा अँटिव्हायरस काढून टाकणं हा उपाय नाही.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच नॅसवर. हे फार ठिकाणी सापडतं. आठ कॅमेरे चोवीस तास लिहीत राहतात आणि तुमच्या फाइली रांगेत उभ्या. कॅमेऱ्यांना वेगळी डिस्क किंवा वेगळा रेकॉर्डर द्या.

क्लाउडची सिंक सॉफ्टवेअरं. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला अख्खा शेअर फोल्डर जोडला असेल तर लाखो फाइली तपासल्या जातात. जोडलेला भाग कमी करा.

रेडची नियमित तपासणी. डेबियनसारख्या लिनक्सवर ती महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते; डिस्क मोठ्या असतील तर सोमवारपर्यंत चालते. महिन्यातून एकच सोमवार मंद जात असेल तर कारण हेच असू शकतं. तपासणी हवीच, फक्त तिचा वेग कमी करून घ्या.

जागा संपत आलेली. ८०-८५ टक्के भरल्यावर आवरायला घ्या. जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या डिस्कवर हलवा, त्याची दुसरी प्रतही ठेवा.

पैसे लागणारी कारणं आणि त्यांचा भाव

नेटवर्क : ₹१५० ते ₹३,०००. तयार कॅट-६ पॅच कॉर्ड ₹१५० ते ₹४००. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच ₹१,५०० ते ₹३,०००. 'फास्ट इथरनेट' लिहिलेला स्विच स्वस्त दिसेल. तो १०० मेगाबिटचा असतो, घेऊ नका. वेळ : तासभर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. बाकी शहरांत ऑनलाइन भाव बघून दुकानात घासाघीस करा.

मेमरी : आजचा भाव विचारा. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले, म्हणून जुन्या बिलावरून अंदाज बांधू नका. सर्व्हरला कोणती लागते (ईसीसी की साधी, रजिस्टर्ड की नाही) हे मॉडेल नंबरवरून ठरतं. चुकीची आणली तर दुकानदार उघडलेलं पाकीट सहसा परत घेत नाही. वेळ : अर्धा तास, मशीन बंद ठेवून.

एसएसडी : सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. फिरणारी ७,२०० आरपीएमची डिस्क मोठी सलग फाइल सेकंदाला १५०-२०० एमबीने देते, पण विखुरलेल्या छोट्या फाइलींच्या बाबतीत तिला सेकंदाला साधारण ७५ ते १०० कामंच जमतात. साधी साटा एसएसडी हीच कामं हजारोंनी करते. दहा जण एकाच वेळी हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर त्यांना लागतात ती हीच छोटी कामं. १ टीबीची साटा एसएसडी २०२५च्या मध्यापर्यंत ५ ते ९ हजारांत मिळत होती. आता त्याहून जास्त धरा. सगळा डेटा तिच्यावर नेण्याची गरज नाही. रोजचा चालू डेटा एसएसडीवर, जुनी वर्षं आणि फोटो फिरत्या डिस्कवर, असं वाटलं की बिल निम्म्यावर येतं. आरसा म्हणून, म्हणजे तोच डेटा दोन्हींवर एकदम लिहिला जाईल अशी, दुसरी एसएसडी लावा. एकटीवर भरवसा ठेवू नका.

फार स्वस्त एसएसडीत एक मेख असते. सुरुवातीची काही जीबी ती वेगाने लिहिते, मग तिची आतली राखीव जागा भरते आणि मोठ्या कॉपीत वेग फिरत्या डिस्कच्याही खाली जातो. सर्व्हरसाठी घेताना 'क्यूएलसी' टाळा आणि आयुष्यभरात किती टीबी लिहिता येतील हा आकडा वॉरंटीच्या पानावर बघा.

नॅससाठी फिरती डिस्क, ४ टीबी : ₹१०,००० ते ₹१५,०००. दुकानदाराला एकच प्रश्न : सीएमआर की एसएमआर? एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. सतत लिहिण्यात ती कोलमडते आणि रेड पुन्हा उभारताना तर फारच. वेस्टर्न डिजिटलने त्यांच्या 'रेड' नावाच्या नॅस डिस्कपैकी २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत हे तंत्र असल्याचं एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं, आणि नंतर सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या केल्या. उत्तर तोंडी घेऊ नका. मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून बघा.

रेड कंट्रोलरची बॅटरी : कोटेशन घ्या. लक्षण अगदी ठरावीक : एका दिवसापासून अचानक लिहिणं मंदावलं, वाचणं मात्र पूर्वीसारखंच. कार्डवरची बॅटरी संपली की कार्ड सुरक्षिततेसाठी आपली तात्पुरती साठवण वापरणं थांबवतं आणि प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहितं. अख्खा सर्व्हर बदलण्याचं कोटेशन निघतं ते अनेकदा याच लक्षणावर. आधी बॅटरीची स्थिती विचारा.

रेडचा प्रकार बदलणं : मजुरी आणि एक सुट्टी. रेड-५ मध्ये एक छोटी गोष्ट लिहायला डिस्कवर चार कामं होतात : दोनदा वाचणं, दोनदा लिहिणं. प्रत्येकी ८० कामं करणाऱ्या चार डिस्क मिळून ३२० झाली, तरी लिहिताना हाती ८०च उरतात. त्याच डिस्क रेड-१० मध्ये लावल्या तर १६०. बदल्यात जागा घटते : ४ टीबीच्या चार डिस्कमधून रेड-५ ला १२ टीबी मिळतात, रेड-१० ला ८. सगळा डेटा बाहेर काढून परत भरावा लागतो, म्हणून आधी तपासलेला बॅकअप, मगच हे काम.

नवा नॅस, दोन डिस्कचा : ₹२०,००० ते ₹३५,०००, डिस्क वेगळ्या. जाहिरातीतला भाव रिकाम्या डब्याचा असतो. दोन डिस्क धरल्या की तो पन्नास हजारांच्या आसपास किंवा पुढे जातो.

वेळेचा हिशेब

१ टीबी डेटा सेकंदाला १०० एमबीने हलवायला पावणेतीन तास लागतात. छोट्या फाइली असतील तर याच्या कितीतरी पट. ४ टीबीची डिस्क रेडमध्ये पुन्हा उभारायला त्याच वेगाने किमान ११ तास, आणि लोक काम करत असतील तर दीड-दोन दिवस. या काळात सर्व्हर मंदच राहणार आणि दुसरी डिस्क गेली तर रेड-५ मधला डेटा जाणार. म्हणून काम शनिवारी संध्याकाळी सुरू करा. जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या आदल्या दिवशी, मार्चअखेरीला किंवा टॅक्स ऑडिटच्या हंगामात हात घालू नका.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

कर. "चाळीस हजार" म्हणजे बहुधा 'प्लस टॅक्स'. १८ टक्के जीएसटी धरून ₹४७,२००. तुमची नियमित नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या, कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही.

व्हिजिट. ₹५०० ते ₹१,५००. रविवार किंवा रात्र असेल तर दर वेगळा. "बघायला आलो, पार्ट आणायला गेलो, पुन्हा आलो" या तीन व्हिजिट की एक, हे फोनवरच ठरवा.

डेटा हलवण्याची मजुरी. डिस्कच्या भावात ती नसते. जीबीवर, तासावर की कामावर ते विचारा. 'कामावर' सगळ्यात सोयीचं.

विंडोज सर्व्हरचे परवाने. साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. त्यापुढे विंडोज सर्व्हर लागतो, आणि त्याच्या परवान्यासोबत प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक मशीनमागे वेगळा प्रवेश-परवाना, ज्याला सगळे 'कॅल' म्हणतात. कोटेशनमध्ये 'कॅल' ही ओळ नसेल तर ती नंतर येणार. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे सर्व्हर म्हणून अजून तेच चालू असेल तर बदल या खर्चातच धरा.

एएमसी (वार्षिक देखभालीचा करार). 'काँप्रिहेन्सिव्ह' शब्दावर जाऊ नका, वगळलेल्या वस्तूंची यादी वाचा. बॅटरी, एसएमपीएस आणि कधीकधी खुद्द डिस्कही त्यात वगळलेली असते. 'चार तासांत प्रतिसाद' म्हणजे चार तासांत फोन. दुरुस्ती किती तासांत, ते वेगळं लिहून घ्या. बॅकअप तपासणं त्यांच्या कामात आहे का, हेही.

डेटा परत मिळवणं. 'डेटा नाही तर पैसे नाहीत' अशी पाटी असली तरी तपासणी शुल्क, सुट्या भागांसाठी लागणारी दुसरी डिस्क आणि डेटा भरून देण्याची डिस्क, हे तिन्ही वेगळे लागू शकतात. डिस्क उघडण्याआधी कमाल रकमेचा लेखी आकडा घ्या.

शॉर्टकट : कोणते चालतात, कोणते महागात पडतात

"बॅटरीशिवाय राइट-बॅक (रेड कार्डची तात्पुरती साठवण) चालू करतो." वेग लगेच परत येईल. पण कार्डच्या मेमरीत थांबलेला डेटा वीज जाताच नाहीसा होईल, आणि कोणती फाइल खराब झाली ते महिन्याने कळेल. विंडोजच्या डिस्क सेटिंगमधली 'बफर फ्लशिंग बंद' ही खूणही त्याच जातीची. नाही म्हणा.

"डिफ्रॅग करून देतो." फिरत्या डिस्कवर, रात्री, बॅकअपनंतर चालेल. एसएसडीवर त्याने फायदा नाही, उलट तिचं आयुष्य खर्ची पडतं. यासाठी पैसे देऊ नका. विंडोज हे काम स्वतःच आठवड्याला करतं.

"डिस्कचा स्पीड टेस्ट करून दाखवतो." कामाच्या वेळेत नको, चाचणीच डिस्क अडवते. लिनक्सवर 'फिओ' चालवत असतील तर ते एका वेगळ्या फाइलवर चालवा असं स्पष्ट सांगा. थेट डिस्कवर लिहिण्याची चाचणी लावली तर डेटा पुसला जातो.

"ओरिजिनल लायसन्स, दोन हजारांत." बिलावर तुमच्या नावाने परवाना येतो का? येत नसेल तर तो तुमचा नाही.

"थोडी वापरलेली, पण नव्यासारखी डिस्क." नवी म्हणून घेतलेली डिस्कही लावताच तिचे चालू तास बघा, नव्या डिस्कवर ते शून्याच्या आसपास असतात. पण त्यावरच थांबू नका : २०२५च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तासांचा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. मुदत आणि देश दोन्ही जुळायला हवेत. दुसऱ्या देशासाठीची डिस्क असेल तर इथली वॉरंटी मिळेलच असं नाही.

चालणारा शॉर्टकट एकच : चालू वर्षाचा डेटा तात्पुरता वेगळ्या एसएसडीवर हलवणं. हंगाम निभावतो, आणि मोठा निर्णय शांतपणे घेता येतो. मात्र रात्रीच्या बॅकअपमध्ये ती नवी जागा जोडायला विसरू नका.

कागदपत्रं : टेक्निशियन येण्याआधी आणि गेल्यावर

येण्याआधी हातात ठेवा : सर्व्हरचा मॉडेल आणि सिरियल नंबर, मूळ बिल, वॉरंटी किंवा एएमसीचा करार, ॲडमिन पासवर्ड (तो तुमच्याकडे असायला हवा, टेक्निशियनकडे नाही), शेवटच्या बॅकअपची तारीख, आणि तुमचा वेळांचा कागद. बॅकअपमधली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघितल्याशिवाय मशीनला स्क्रू-ड्रायव्हर लावू देऊ नका.

गेल्यावर हातात असावं : पक्कं बिल, त्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, काय बदललं याची दोन ओळींची नोंद, आणि कोणती डिस्क कोणत्या खाचेत आहे याचा कागद. हा शेवटचा कागद सर्व्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा. चुकीची डिस्क उपसली जाणं त्याने टळतं.

जुनी डिस्क बाहेर जाऊ देऊ नका. बायबॅकचे पाचशे-हजार रुपये मिळतील, पण तुमच्या ग्राहकांचे पॅन, बँकेचे तपशील आणि रिपोर्टही जातील. वॉरंटीत बदलून मिळणार असेल तर नादुरुस्त डिस्क कंपनी स्वतःकडे ठेवते. डेल आणि एचपीसारख्या कंपन्या जादा पैसे घेऊन ती तुमच्याकडे राहू देण्याची सोय विकतात. सर्व्हर घेतानाच विचारा. दुरुस्तीला पाठवावीच लागली तर सिरियल नंबरसह चलन आणि गोपनीयतेचं पत्र घ्या.

तक्रार करायची असेल तर

आधी विक्रेत्याला लेखी ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग 'ई-जागृती' पोर्टलवर ग्राहक आयोगाकडे अर्ज. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळलेली आहे. स्वयंरोजगारातून केवळ चरितार्थासाठी घेतली असेल तरच सूट. एकटे प्रॅक्टिस करत असाल तर दावा टिकू शकतो. वीस माणसांची कंपनी असेल तर अवघड. अशा वेळी तुमचं खरं संरक्षण म्हणजे खरेदीच्या वेळी लिहून घेतलेल्या अटी.

पैसे कधी द्यायचे

सुट्या भागांचे पैसे माल हातात आल्यावर. मजुरी आणि डेटा हलवण्याची रक्कम मात्र लगेच देऊ नका. कोटेशनवरच एक ओळ लिहून घ्या : कामाआधी घेतलेल्या चाचण्या, त्याच आकाराची फाइल, त्याच कॉम्प्युटरवरून, तितकेच लोक काम करत असताना, कामानंतर पुन्हा घेतल्या जातील. सोमवारी सकाळी साडेदहाला, सगळे आत आल्यावर, ती चाचणी घ्या. रिसोर्स मॉनिटरमधला मिलिसेकंदांचा आकडा आणि कॉपीचा वेग जुन्या आकड्यांशेजारी लिहा. फरक दिसला तर उरलेले पैसे द्या. दिसला नाही तर चुकीचा भाग बदलला गेला आहे, आणि पुढची व्हिजिट त्यांच्या खर्चाने.